ह्यांचं मनावर घेऊ नका

गावातले एक जण वारले म्हणून माझा भाऊ, ज्याला आम्ही भाई म्हणतो तो, वहिनी आणि मी समाचाराला गेलो होतो. श्रावण संपत आला होता, पाऊस मध्येच थांबत होता, मध्येच कोसळत होता. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग, भिंतीला टेकून बसलेल्या बायका. गेलेल्या माणसाबद्दल जे बोलायचं असतं ते सगळे आळीपाळीने बोलत होते. देवळाच्या मंडपाला किती दिले, कुणाच्या मुलीच्या लग्नात कसे उभे राहिले, शेवटपर्यंत कसे स्वतःच्या पायांनी बाजारात जायचे. भाई एवढा वेळ गप्प होता. सुतकाचं घर, म्हणून चहा शेजारून थर्मासमधून आला. भाईने डाव्या हाताने कप उचलला, एक घोट घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “माझे दीड लाख बुडवून गेला.”

पडवी एकदम गप्प झाली. मग वहिनी जराशी पुढे वाकली आणि गेली कित्येक वर्षं जे वाक्य ती लग्नात, बारशात, देवळात, बँकेच्या रांगेत म्हणत आली आहे तेच म्हणाली: “ह्यांचं मनावर घेऊ नका. डोक्याला लागलंय ना.” लगेच सगळ्यांचे खांदे सैल झाले. गेलेल्यांच्या मेहुण्याने भाईच्या पाठीवर थोपटलं, कुणीतरी तिळारीचं पाणी सोडलं काय म्हणून विचारलं आणि गप्पा पावसावर गेल्या. त्या पडवीत बसलेल्या निम्म्या माणसांना ते दीड लाख ठाऊक होते. खाणी जोरात होत्या तेव्हा गेलेले गृहस्थ ट्रकवाल्यांना लोडिंगचं काम मिळवून द्यायचे आणि त्यासाठी आगाऊ रक्कम घ्यायचे. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, काम गेलं आणि रक्कमही गेली. भाई एकटाच नव्हता त्यात.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून भाईने विचारलं, “मी खोटं बोललो?”

“खोटं नाही,” वहिनी म्हणाली. “पण तिथं बोलायचं नसतं.”

“मग कुठं बोलायचं?”

वायपरचा आवाज येत राहिला. वहिनीने उत्तर दिलं नाही, मीही नाही. त्या प्रश्नाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. असलं बोलणं तोंडाशी येऊन गिळायचं असतं आणि ते गिळणारा जो भाग कपाळामागे असतो त्यालाच भाईच्या डोक्यात सगळ्यात जास्त मार बसला आहे, हे मला आता पाठ झालंय. ते समजून घेता येतं. मला टोचत होतं ते वेगळंच. एक खरी गोष्ट चारचौघांत बोलली गेली आणि ती पुसून टाकायला आम्हाला पाच सेकंदसुद्धा लागली नाहीत.

भाईचा अपघात 2018 च्या जूनमधला. त्याच वर्षी खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या होत्या, ट्रक विकून झाला होता, आणि तो रात्री कुणाचीतरी गाडी पोचवून स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी येत होता. पहिल्या पावसात आमच्याकडच्या रस्त्यांवर लाल मातीचा जो बुळबुळीत थर येतो तो, आणि वळणावर निवांत बसलेली एक गाय. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. 108 ची गाडी आली, तिने आधी डिचोलीला आणि तिथून बांबोळीला नेलं. पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात रात्री सतरंजी टाकून झोपलेले नातेवाईक, फिनेलचा वास, आणि दर थोड्या वेळाने कानावर येणारी सिस्टरांची हाक: “डोळे उघडा! माझा हात दाबा!”

त्या हाकेमागे माणूस किती शुद्धीत आहे त्याचं एक मोजमाप असतं हे मला तिथे कळलं. 1974 साली ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी ते काढलं. डोळे उघडण्याला चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. पंधरापैकी पंधरा म्हणजे तुम्ही-आम्ही. आठ किंवा खाली म्हणजे गंभीर दुखापत. यात शून्य कुणालाच मिळत नाही, प्रत्येक रकान्यात किमान एक असतोच, म्हणजे गेलेल्या माणसाचेही तीन होतात. मी शाळेत शिकवते. तीस-चाळीस वह्या पुढ्यात असल्या की गुण द्यायला मला वेळ लागत नाही, पण भाईच्या चार्टवर सहाचा आकडा दिसला तेव्हा त्यातले तीन फुकटचे आहेत हे कळायला थोडा वेळ गेला, आणि कळल्यावर मी बाहेर जाऊन बसले.

मेंदू सुजतो तेव्हा त्याला पसरायला कवटीत जागा नसते. म्हणून डॉक्टरांनी डाव्या बाजूचं हाड कापून काढलं आणि ते खराब होऊ नये म्हणून भाईच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिलं. आईला हे सांगितल्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुढे अंग पुसताना पोटावर हात गेला की बशीच्या काठासारखी ती कड लागायची. डोक्याला बांधलेल्या पट्टीवर निळ्या पेनाने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘नो बोन’. कूस बदलताना कुणी चुकून त्या बाजूला दाब देऊ नये म्हणून. काही महिन्यांनी ते हाड पोटातून काढून परत जागच्या जागी बसवलं. डोक्याचं हाड पोटात घेऊन जगलेला माणूस आमच्या घरात आहे, हे मी अजूनही नव्या ओळखीच्या लोकांना सांगते, आणि सांगताना थोडी फुशारकी येतेच.

सिनेमात बेशुद्ध माणूस डोळे उघडतो आणि बायकोला नावाने हाक मारतो. भाईने डोळे उघडले त्यानंतर बरेच आठवडे तो कुणाकडेच बघत नव्हता. डोळे उघडे, पण नजर आमच्यातून आरपार. मग हळूहळू नजर माणसाच्या मागे फिरू लागली, आणि त्यानंतर जो काळ आला त्याची आम्हाला कुणी नीट कल्पना दिली नव्हती. तो नळ्या उपटायचा, सिस्टरला लाथ मारायचा, रात्रभर पलंगावरून उतरायचा प्रयत्न करायचा. हाताला बँडेजचे जाड मोजे बांधावे लागले. डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण आहे, मेंदू जागा होतोय. वहिनीच्या दंडावर त्याच्या नखांचे ओरखडे होते आणि ती मान डोलावत होती.

श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी बंद करून बघितली त्या दिवशी भाईच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला तो शिवी होता. फिजिओथेरपीच्या पोराने गुडघा वाकवला आणि भाईने त्याची आई-बहीण काढली, अगदी खणखणीत. तो पोरगाच आधी हसला. वहिनी रडली, मी घरी फोन केला, आईने देवाकडे दिवा लावला. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसून बोलणं जातं तेव्हा मुद्दाम जुळवून बोलायचे शब्द हरवतात, पण तोंडात बसलेलं तसंच राहतं: आकडे, वार, आरत्या, शिव्या. भाई भजनी मंडळातला. ‘पाणी’ म्हणता यायच्या कितीतरी आधी त्याला आख्खा अभंग म्हणता यायचा, आणि ‘पाणी’ म्हणता येत नाही म्हणून मग तो शिवी द्यायचा. तेव्हा त्याच्या तोंडून येईल त्या शब्दाचं आम्हाला अप्रूप होतं.

पाण्याची तर वेगळीच कथा. सगळ्यात धोक्याचं अन्न म्हणजे साधं पाणी, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. गिळण्याचे स्नायू मंद झालेले असतात. पाणी पातळ, ते भराभरा खाली जातं आणि गळ्याने श्वासाची वाट मिटायच्या आत तिकडे शिरतं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, गळ्याला सवड मिळते. म्हणजे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याला जी पेज देत आलो तीच औषध ठरली. उकड्या तांदळाची, शितं घोटून एकजीव केलेली, वर मिठाचा खडा. कधी नाचणीची आंबील. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे, लहान चमचा, गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून मगच पुढचा. झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. एक वाटी पेज संपायला तास जायचा. बाहेर पागोळ्या धो धो वाहायच्या आणि आत भाई ग्लासभर पाण्यासाठी हात जोडायचा.

इथून पुढचं काम सगळं वहिनीचं. भाईची बहीण म्हणून मी शनिवार-रविवारी जात होते, धाकटा भाऊ पुण्याहून पैसे पाठवत होता, आई देवाकडे गाऱ्हाणं घालत होती. पण दर दोन तासांनी कूस बदलणं, आखडलेली बोटं एकेक करून उघडणं, घोटा पडू नये म्हणून पायाला पट्टी बांधणं, सकाळी उठून चादर ओली आहे का बघणं हे एका माणसाने केलं. फिजिओथेरपीला दिलेली साधनं महाग, म्हणून घरात होतं ते वापरलं. फणसाच्या आठळ्या एका वाटीतून दुसरीत टाकायच्या, उजव्या हाताने. पहिल्या दिवशी एक आठळी उचलायला भाईला घाम फुटला. आठळ्या संपल्यावर चिंचोके, चिंचोक्यांनंतर उडीद. 2020 च्या टाळेबंदीत फिजिओवाला यायचा बंद झाला आणि उजवा हात परत आखडला, तेव्हा वहिनीने पुन्हा आठळ्यांपासून सुरुवात केली. दोन वर्षांत जे यायचं ते येतं, नंतर फारसं नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. सुरुवातीला वेग जास्त असतो हे खरंच आहे. पण भाई डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकला ते त्यानंतर कितीतरी उशिरा, आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लागला तो त्याहून उशिरा. आधी निधनवार्ता वाचतो. “हा पण गेला,” म्हणतो, आणि त्यात थोडा आनंद असतो की काय अशी मला शंका आहे.

तोवर विचारपूस करणारे थकलेले असतात. पहिल्या वर्षी घरात माणसांची रीघ होती, शहाळी कुठे ठेवायची हा प्रश्न होता. आता भाई काठी घेऊन नाक्यापर्यंत जातो, तर लोकांना वाटतं तो बरा झाला. आणि बरा झालाय तर मग असा का वागतो?

कारण जे गेलं ते दिसत नाही. त्याला वास येत नाही. मेंदू कवटीत हिसडला जातो तेव्हा नाकाच्या मुळाशी असलेल्या भोकाभोकांच्या पातळ हाडातून वर जाणारे वासाचे तंतू तुटतात. काहींचे परत जुळतात, भाईचे नाही जुळले. हे कळायलाच आम्हाला दीड वर्ष लागलं, कारण त्याला स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं. जेवणात चव नाही म्हणून तो माशांच्या हुमणावर वरून मीठ घ्यायचा आणि वहिनीला वाटायचं, आपलं काही चुकतंय. एकदा गॅस चालू राहिला आणि तो त्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत होता, तेव्हा उलगडा झाला. एप्रिलमध्ये काजूचे बोंडू पिकतात, त्यांची मळणी सुरू होते, आख्ख्या गावाला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, आंबूस गोड वास येतो. झटक्यांच्या गोळ्या चालू असल्यामुळे त्याला प्यायला मनाई आहे, पण शेजाऱ्यांनी बाटली आणली की तो झाकण उघडून नाकाशी नेतो, बराच वेळ धरतो आणि परत देतो.

दुसरं म्हणजे त्याला आपणहून काही सुचत नाही. आंघोळ कर म्हटलं की करतो, नाही म्हटलं तर दुपारपर्यंत तसाच बसून राहील. भूक लागलेली असते, ताट समोर असतं, पण कुणी “जेव” म्हणेपर्यंत हात हलत नाही. गाडीचं इंजिन शाबूत आहे, किल्ली फिरवणारा हात गेलाय, असं वहिनी पाहुण्यांना सांगते; पाहुणे मान डोलावतात आणि फाटकाबाहेर गेल्यावर “आळशी झाला मरे तो” म्हणतात. तिसरं म्हणजे गोंगाट. चवथीला घुमट, म्हणजे आमचं मातीचं चर्मवाद्य, वाजवून आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या की एके काळी घुमटावरचा हात न थांबवणारा हा माणूस पाच मिनिटांत मागच्या दाराने विहिरीकडे निघून जातो. आणि राग. पावसाने लाइट गेली तर राग, चहा कोमट म्हणून राग, आणि पाच मिनिटांनी तो राग आलेला आठवतही नाही. आम्हाला आठवतो.

अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो तेव्हा हाताचे आणि पायाचे टक्के मोजले. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, त्यात डोक्याच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही. न सुचण्याला टक्के नाहीत, वास न येण्याला नाहीत. दाखला मिळाला, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसेही खात्यात येऊ लागले, तक्रार नाही. पण जे अपंगत्व घरात चोवीस तास वावरतं ते त्या कागदावर कुठेच नाही, आणि उजवा हात, ज्याची आम्हाला आता आठवणही होत नाही, तो मात्र शिक्क्यानिशी आहे.

या विषयावर वाचायला लागलं की पहिल्याच पानावर फिनीअस गेज भेटतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला रेल्वेच्या कामावरचा मुकादम. 1848 च्या सप्टेंबरमध्ये सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला. पण सरळ, कामसू गेज शिवराळ आणि लहरी झाला, त्याचे मित्र म्हणू लागले की हा गेज राहिलाच नाही, असं त्याच्या डॉक्टरने, हार्लोने, 1868 मध्ये लिहिलं. पाठ्यपुस्तकांत गेज इथे संपतो. पुढचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा लहरी माणूस नंतर चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं त्याने घोड्यांच्या टपालगाड्या हाकल्या. परका देश, परकी भाषा, डोंगरातला रस्ता, अनेक घोड्यांचे लगाम एका वेळी हातात, आणि गाडीत भाडं भरून बसलेले उतारू. हे काम ज्याला जमलं त्याच्यात बरंच काही परत आलं असणार. 1860 मध्ये तो गेला. शिव्यांचा गेज जगभर पोचला, घोडे सांभाळणारा गेज मागे राहिला. आणि त्याच्याबद्दल जे आहे ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. तो नोकरीला परत गेला तेव्हा मुकादमकी नाकारल्यावर काय म्हणाला, मित्रांशी कशावरून वाजलं, त्यात मित्रांचं काही चुकलं होतं का? मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं. गेजचं एखादं रागावणं रास्त असू शकेल, ही शक्यता त्या गोष्टीत कुणाच्या मनात येत नाही.

आमच्याकडे ती शक्यता आली ती जमिनीमुळे. गोव्यात कसलीही गोष्ट शेवटी जमिनीवरच येते.

मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्याबरोबर आमच्याकडेही दलालांच्या गाड्या फिरू लागल्या. घरामागच्या चढावर आमची काजूची बाग आहे, आजोबांच्या वेळेपासूनची. तिला दिल्लीच्या एका पार्टीने बरा भाव सांगितला. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आमचा कायदा असा की वारस सगळे सारखे, आणि नवरा-बायकोपैकी कुणालाच दुसऱ्याच्या संमतीशिवाय जमीन विकता येत नाही. म्हणजे आई, भाई-वहिनी, मी आणि माझे यजमान, धाकटा आणि त्याची बायको, एवढ्या सह्या. सगळे तयार झाले. माझाही वाटा होता आणि पर्वरीच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, तेव्हा मी काही तटस्थ नाही. भाईपुढे कागद ठेवला. तो म्हणाला, “मी सही करत नाही.”

“का रे?”

“झर बागेत आहे.”

चढावर एक झर आहे. तिचं पाणी पाटाने खाली आमच्या कुळागरात येतं, माडांना आणि पोफळींना. बाग गेली की झर गेली, मग कुळागराला पाणी कुठलं? विकत घेणारा वर कुंपण घालेल, बोअर मारेल. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण पाट साफ करायला लहानपणापासून भाईच जायचा. इथपर्यंत गोष्ट सरळ होती. पण त्याच दमात तो असंही म्हणाला की दहा कोटी दिले तर विकूया, की खाणी सुरू झाल्या की तो परत ट्रक घेणार आहे, की दलाल हा मेलेल्या त्या गृहस्थांचा माणूस आहे. पहिलं बोलणं शहाणपणाचं आणि पुढची तिन्ही बिनबुडाची, एकाच तोंडातून, एकाच सुरात. कुठलं धरायचं? धाकट्याने फोनवर ठरवून टाकलं, सगळंच सोडायचं. “वहिनी, त्याच्या डोक्याला लागलंय. डॉक्टरचा कागद घ्या आणि त्याच्या वतीने तुम्हीच सही करा.”

ते तसं होत नाही हे पणजीतल्या वकीलबाईंनी सांगितलं. अपंग माणसाला आपल्या मालमत्तेवर इतरांइतकाच हक्क आहे, असं त्याच 2016 च्या कायद्यात लिहिलेलं आहे. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं आणि भाईला एकट्याला आत घेतलं. पंखा बंद केला, दार लावलं, घाई केली नाही. बाहेर वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच भाई तिच्याशिवाय कुणा परक्या माणसाशी बोलत होता आणि मध्ये तिचं ते वाक्य टाकायला ती तिथे नव्हती. अर्ध्या-पाऊण तासाने बाईंनी आम्हाला बोलावलं. कोणती जमीन, कुणाकुणाची, विकली तर काय होईल, न विकली तर काय होईल, एवढंच त्यांनी विचारलं होतं. दोनदा तो भरकटला, दोनदा त्यांनी परत प्रश्नावर आणला. “ह्यांना समजतंय सगळं,” त्या म्हणाल्या. “पटत नाहीये, एवढंच.”

मला बरं वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

धाकट्याला आला तो फक्त राग. आणि इथे एक गोष्ट झाली जी मला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. अपघातापासून धाकटा भाईशी ज्या आवाजात बोलायचा तो आवाज आपण लहान मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. जेवलास का, शाब्बास, फिरून आलास, व्वा. भाईने काहीही म्हटलं तरी “बरं बरं.” त्या रविवारी मात्र स्पीकरवर त्याचा जो आवाज आला तो पूर्वीचा, आमच्या लहानपणीच्या भांडणांतला. तुला काही अक्कल आहे का, माझं दुकान अडलंय, तू पाट बघत बस! भाई उठून उभा राहिला. आपणहून, कुणी न सांगता. काठी विसरून टेबल धरून उभा. आणि त्यानेही लावली. पाट कधी बघायला आलास का, आई पडली तेव्हा कुठे होतास, पैसे पाठवले म्हणजे झालं का? मध्येच शब्द अडकला, हाताने टेबल बडवून त्याने तो सोडवला. आई घाबरून देवाकडे गेली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिचं तोंड उघडलं, आणि मग ती परत आत जाऊन नारळ खवायला लागली. त्या भांडणात दोघेही थोडे बरोबर होते आणि दोघेही थोडे वाह्यात बोलले, भावांच्या भांडणात होतं तसंच. फोन धाकट्याने आपटला.

बागेचं अजून काहीच ठरलेलं नाही. झर आणि पाट सोडून वरचा तुकडा द्यायचा का, अशी मोजणी चालू आहे, दिल्लीची पार्टी थांबेल असं दिसत नाही, माझे हप्ते चालूच आहेत. दोघा भावांचं बोलणं बंद आहे. परवा मी गेले तेव्हा भाई पडवीत बसला होता. “त्याचा फोन आला?” मला विचारलं.

“तूच कर ना.”

“मी का करू? त्याने आपटला.”

आता हे आपणहून न सुचणं आहे की काय, म्हणून मी वहिनीकडे बघितलं. इतकी वर्षं मला हेच शिकवलेलं की फोन लावून हातात द्यायचा, मग तो बोलतो. मी मोबाइल काढलासुद्धा. वहिनी आठळ्या सोलत होती, तिने मान वर न करता मला थांबवलं.

“ठेव तो. हट्ट आहे हा. लग्न झालं तेव्हापासून बघतेय मी.”

“ऐकू येतंय मला,” भाई म्हणाला.

“ऐकू दे.”